तिसऱ्या हाकेची ओ

पोस्टिंगची ऑर्डर आली तेव्हा मी लान्स नायक होतो. बटालियन उत्तरेला, बर्फात जाणार एवढंच कळलं होतं. पोस्टचं नाव तेव्हाही कुणाला सांगायचं नव्हतं, आताही सांगत नाही. सांगायचं आहे ते एका सवयीबद्दल.

झालं असं की, यंदा आमच्या बीडजवळच्या पालीच्या शाळेच्या हेडमास्तरांनी मला पोरांपुढं बोलायला बोलावलं. विषय दिला, 'चांगल्या सवयी'. फौजी म्हटलं की पहाटे उठणार, अंथरुणाची घडी घालणार, बूट चमकवणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. मी तेवढं बोललो आणि टाळ्या घेऊन घरी आलो. पण मग राहवेना. ज्या सवयीनं मी आज जिवंत बसलोय, ती चांगली म्हणायची की वाईट, हे मला अजून कळलेलं नाही. म्हणून लिहायला घेतलं.

मला लहानपणापासून एक खोड आहे. काहीही दिसलं की विचारतो, कावून? म्हणजे, का? ट्रेनिंगच्या वेळी उस्तादनं या एका शब्दापायी मला मैदानाला इतक्या चकरा मारायला लावल्या की पळण्यात मी कंपनीत पुढं आलो. खोड काही गेली नाही.

पोस्टवर प्रत्येक गोष्टीची रीत ठरलेली होती. फावडं दाराच्या डाव्या हाताला, दांडा वर. ओले मोजे बनियनच्या आत, पोटाशी धरून वाळवायचे. झोपताना पाण्याची बाटली स्लीपिंग बॅगमध्ये, नाहीतर सकाळी दगड. आमचे प्लाटून कमांडर सुभेदार साहेब साताऱ्याकडचे. मी त्यांना विचारलं, "साहेब, फावडं डावीकडंच कावून?"

"दार उजवीकडं उघडतंय. बर्फानं दार अर्धंच उघडलं, तर हात कुठल्या बाजूला पोचंल?"

"डाव्या, साहेब."

"मग झालं तर. आता गप मोजं बदल."

वरून चिडायचे, पण उत्तर द्यायचे. मला वाटतं, त्यांना माझे प्रश्न आवडत असावेत. दुसरं करमणुकीला तिथं होतं तरी काय?

माझ्या जोडीला नायक वैजनाथ होता. धर्मापुरीचा. घरचं किराणा दुकान, कपाळाला रोज भस्म, बोलणं कमी. आम्ही दोघं एकाच भरतीत निवडलो गेलो, पण त्याला नायकाची फीत आधी लागली. फितीवरून मी त्याला लई छळायचो. प्लाटूनमध्ये बीडचे आम्ही दोघंच, त्यामुळं भांडण झालं तरी घरच्या बोलीत भांडायला माणूस होता.

वैजनाथ बूट घालण्याआधी उलटे करून झटकायचा. आमच्याकडं शेतात राहणारा प्रत्येकजण झटकतो, कारण आत विंचू असतो. पण त्या उंचीवर माशी नाही, मुंगी नाही, विंचू कुठला?

"काय बे, इथं इच्चू हाय का?" मी विचारलं.

"न्हाई."

"मंग कावून झटकतो?"

"मी कुठं झटकतो? हात झटकतो."

सगळे हसले. पुढं एका सकाळी त्याच्या बुटातून बर्फाचा खडा खाली पडला. तो तसाच आत राहिला असता तर बोट काळं पडलं असतं. तेव्हापासून साहेबांनी सगळ्या प्लाटूनला बूट झटकायची ऑर्डर दिली. विंचवासाठी लागलेली सवय बर्फात कामाला आली, याची मला मोठी मौज वाटली. सवय एकदा अंगात मुरली की ती कशासाठी लागली होती, हे हात विसरून जातो आणि काम मात्र करत राहतो.

दुसरी सवय मात्र साहेबांना अजिबात पटली नाही.

एका दुपारी दाट धुकं उतरलं. दिवसाढवळ्या इतकं अंधारून आलं की स्वतःचा हात दिसेना. वैजनाथ आणि मी बाहेर रॉकेलचे कॅन हलवत होतो. साहेबांनी बंकरच्या दारातून हाक मारली.

"वैजनाथ! अंकुश!"

आम्ही ऐकलं आणि गप्प राहिलो.

"वैजनाथ! अंकुश!"

तरी गप्प. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या बाजूला खोल दरी होती. ते दोर घेऊन धावत बाहेर आले आणि तिसऱ्यांदा ओरडले. तेव्हा आम्ही दोघांनी एकदम ओ दिली. अगदी त्यांच्या कानाशी.

"बहिरं हाय का रं दोघं?"

मी कॅन उचलायला वाकलो. वैजनाथनंच सांगितलं, "साहेब, आमच्याकडं अंधारात पहिल्या हाकेला ओ देत न्हाईत. दुसरीला बी न्हाई. तिसरीला देत्यात."

"का?"

"पहिल्या दोन हाका चकव्याच्या असू शकत्यात, साहेब. चकवा तिसरी मारत न्हाई. ओ दिली की तो वढून नेतो."

साहेबांनी हातातला दोर खाली टाकला. मग म्हणाले, "चकवा? ह्या उंचीवर? त्याला आक्सिजन कोण पुरवतंय रं?"

आठवडाभर आम्हा दोघांना ज्यादा फटीग, म्हणजे शिक्षेची अंगमेहनत, लागली. पहिल्या हाकेला ओ द्यायचीच, अशी सक्त ताकीद मिळाली. उजेडात आम्ही द्यायचो. रेडिओवर तर कधीच चुकलो नाही. पण अंधार पडला की जीभ टाळूला चिकटायची. माझ्या आईनं हे मला बोलायला शिकवतानाच शिकवलं होतं आणि वैजनाथच्या आईनं त्याला. प्लाटूनमधली पोरं मुद्दाम अंधारात हाका मारून बघायची आणि खिदळायची. आम्हीही हसायचो, पण तिसरीलाच ओ द्यायचो.

त्यानंतर महिनाभरानं ते घडलं.

दोन दिवस सारखा बर्फ पडत होता. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन निघालं. शेजारच्या पोस्टपर्यंत लिंक पॅट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, न्यायची होती. नव्या बर्फावर ऊन पडलं की उतार भरवशाचा राहत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण पलीकडच्या पोस्टवर एक जवान आजारी होता आणि त्याचं औषध आमच्याकडं होतं. साहेब स्वतः निघाले. उताराखाली आल्यावर त्यांनी ऑर्डर दिली, "डिस्टन्स ठेवा. एक जण पार झाला की दुसरा." त्यांच्यानंतर मी निघालो. माझ्या मागं वैजनाथ.

मधोमध पोचलो असेन. वरून पोतं फाटल्यासारखा आवाज आला. वर बघितलं तर उतारच हलत होता. "स्लाइड!" असं कुणीतरी ओरडलं. ट्रेनिंगमध्ये शंभरदा करून घेतलं होतं, तसे दोन्ही हात आपोआप तोंडापुढं गेले. पुढं काय झालं ते धड आठवत नाही.

भानावर आलो तेव्हा काळामिट्ट अंधार होता. वर भर दुपार होती, हे मला तेव्हा सुचलंच नाही. बोटभर हलता येईना. तोंडापुढं हातांमुळं ओंजळीएवढी पोकळी राहिली होती, तेवढीच हवा. मी घाबरलो होतो. लई घाबरलो होतो. ते लपवण्यात काही अर्थ नाही. डोळ्यापुढं पालीचं घर आलं, आई आली, आणि इथंच संपणार असं वाटलं.

तेवढ्यात हाक आली. लांबून आल्यासारखी, उशीत तोंड घालून मारल्यासारखी.

"अंकुश!"

माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. मी ठरवून गप्प राहिलो असं नाही. अंधार होता आणि पहिली हाक होती. जीभ हललीच नाही.

वर काय चाललं होतं ते मला नंतर साहेबांनी सांगितलं. गाडलेला माणूस सापडावा म्हणून कमरेला बांधतात ती माझी लाल दोरी, अ‍ॅव्हलांच कॉर्ड, तुटून भलतीकडं गेली होती, त्यामुळं मी कुठं आहे हे कळायला मार्ग नव्हता. ते रांगेनं हाका मारत, प्रोबच्या सळया खुपसत सरकत होते. एका जागी हाक मारायची, कान द्यायचा, उत्तर नाही आलं तर पुढं जायचं. वर उताराचा अर्धा भाग अजून लटकलेला होता. वेळ कुणाकडंच नव्हता.

वैजनाथ मात्र एका जागेवरून हलेना.

"पुढं सरक," साहेब म्हणाले.

"साहेब, तीन हाका होऊ द्या."

"वेळ न्हाई, वैजनाथ!"

"तो बीडचा हाय, साहेब. तिसरीला देतो."

वैजनाथ बर्फाला तोंड लावून ओरडला, तशी मला दुसरी हाक जवळून ऐकू आली. तिसरी तर थेट डोक्यावर. तेव्हा मी छातीत होती नव्हती तेवढी हवा लावून ओ दिली. माझ्याच कानाला ती मांजराच्या पिल्लाएवढी वाटली. पण वर सगळे श्वास रोखून उभे होते. त्यांना ती ऐकू गेली.

मी फार खोल नव्हतो. फावड्यांनी तोंड मोकळं केलं आणि पहिल्यांदा दिसलं ते वैजनाथचं तोंड. डोळ्यांत पाणी आणि वर शिव्या.

"पहिल्याच हाकेला दिली असती तर काय चकव्यानं नेलं असतं का बे तुला?"

"तूच शिकिवलंस," मी म्हणालो. खरं तर त्यानं शिकवलं नव्हतं. पण दुसरं काही सुचेना.

मला उचलून कडेच्या खडकाआड नेलं. साहेबांनी रेडिओ घेतला. "वन मॅन रिकव्हर्ड. सेफ. पुलिंग बॅक. ओव्हर." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. निघायची तयारी चालली होती, तेवढ्यात वैजनाथला माझ्या रायफलची स्लिंग, खांद्याला अडकवायची पट्टी, दिसली. मला काढलं त्या खड्ड्याशेजारीच ती बर्फातून वर आली होती. फौजेत हत्यार मागं सोडत नाहीत.

"साहेब, आणू का?"

साहेबांनी वर उताराकडं बघितलं. "पळत जा. पळत ये."

तो पोचला. त्यानं स्लिंग धरली. आणि वरचा राहिलेला उतार खाली आला.

आम्ही तीन हाका मारल्या. सगळे गप्प उभे राहिलो. परत तीन. मला उठायला मनाई होती तरी मी उठलो आणि आवाज बसेपर्यंत त्याचं नाव घेत राहिलो. ओ आली नाही. ऊन कलल्यावर तो सापडला. रायफल हातातच होती. साहेबांनी रेडिओवर "वन फेटल" एवढे दोन शब्द सांगितले आणि सेट माझ्यापासून लांब नेऊन ठेवला.

हॉस्पिटलात असताना मी तिथल्या मेजर डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि विचारलं, तिसरीलाच ओ दिली हे बरं झालं की वाईट? ते खुर्ची ओढून बसले. म्हणाले, बाहेरचा आवाज बर्फातून आत येतो, आतला अगदी डोक्यावर कान दिल्याशिवाय बाहेर कळत नाही. पहिल्या हाकेला ओरडला असतास तर कुणी ऐकलं नसतं आणि हवाही संपली असती. गावी आल्यावर पालीतल्या म्हाताऱ्यांना विचारलं, तिसरीच कावून? एक म्हणाला, चकव्याला दोनच आवाज असतात. दुसरा म्हणाला, तीन हाकांत माणसाचा आवाज ओळखू येतो, चोर असला तर कळतो. तिसरा म्हणाला, बाप सांगायचा म्हणून. मला तिघांचंही पटलं आणि कुणाचंच पटलं नाही.

पण एक प्रश्न मी डॉक्टरांनाही विचारला नव्हता. वैजनाथ खाली जिवंत होता का? माझ्यासारखाच अंधारात, हाका ऐकत, ओ देत, आणि आम्हाला ऐकू येत नव्हतं? या विचारानं माझं जेवण सुटलं होतं. आणि सुट्टीत धर्मापुरीला तर जायचंच होतं. मांजरसुंब्याच्या फाट्यावर उतरून पुढच्या गाडीची वाट बघत बसलो. एक गाडी जाऊ दिली, मग दुसरी जाऊ दिली. त्याच्या आईनं हेच विचारलं तर काय सांगायचं?

माय दुकानातच होती. तिनं मला बसायला पोतं दिलं, पाणी दिलं. तो कसा गेला हे तिला पत्रानं कळलेलं होतं. ते तिनं विचारलं नाही.

"हाका मारल्या का रे त्याला?"

"मारल्या, माय."

"किती?"

"तीन मारल्या. पुन्हा तीन. मंग मोजल्या न्हाईत."

एक बाई साखर घ्यायला आली होती. मायनं तिला साखर जोखून दिली, पुडी बांधली. बाई गेली. मग माय माझ्याकडं वळली.

"तिसरीला त्यानं ओ दिली न्हाई?"

"न्हाई, माय. आमाला ऐकू आली न्हाई."

"ऐकू कावून येत न्हाई? तुझी आली की." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्यानं दिलीच न्हाई. असता तर दिली असती. उभ्या जन्मात त्यानं मला चौथी हाक मारू दिली न्हाई. तुमी पहिली मारली तवाच तो गेलता, लेकरा. अंधारात पडून न्हाई राहिला माझा वैजू. लई बरं झालं."

मी त्या पोत्यावर बसून पोरासारखा रडलो. गावातली माणसं दुकानात येत होती, मला बघून परत फिरत होती. मायनं चहा टाकला.

नायक वैजनाथ, राहणार धर्मापुरी, ड्यूटीवर असताना गेला. वय एकतीस. मागं आई, बायको आणि एक मुलगी. त्यानं मारलेली शेवटची हाक माझ्या नावाची होती.