दस्त्याची लांबी

लोक विचारतात, बाईमाणूस असून बंदुकीच्या कामात कशी काय? मी सांगते, बंदूक करणारे दुसरे, ती धरणाऱ्याची काळजी वाहणारी मी. बेंगळुरूच्या एका सरकारी संशोधन संस्थेत माझं कामच ते: हात कुठवर पोचतो, बोट कुठं टेकतं, डोळा कुठं येतो, हे मोजायचं. मूळची मी निपाणीची, जिभेची तिखट. इथं राहून निम्मं कन्नड बोलायला लागले, पण तिखटपणा काही गेला नाही.

आमच्या गटानं एक आखूड रायफल केली होती. गाडीतून पटकन उतरता यावं, अरुंद जिन्यात वळता यावं, म्हणून नळी लहान आणि खांद्याला टेकवायचा दस्ता घडी होणारा. तिचा पट्टा माझा, आणि दस्ता उघडल्यावर किती लांब असावा, हा आकडाही माझा. त्यासाठी मी संस्थेतले पहारेकरी, ड्रायव्हर, शिवाय जवळच्या तुकडीतले जवान, अशा पुष्कळ जणांचे हात-खांदे मोजले होते. माप चोख हवं म्हणून प्रत्येकाला स्वेटर, जाकीट, सगळं उतरवायला लावायची. कुणी कुरकुरलं तर "अण्णा, मिलिमीटरचा प्रश्न आहे" म्हणून दटावायची. त्या चोखपणाचा मला भारी अभिमान.

मग शहराबाहेरच्या मैदानावर चाचणी झाली. जवान पूर्ण सरंजामात आले होते, अंगात गोळी अडवणारी जाड जाकिटं. त्यांत एक बुटका, रुंद बांध्याचा, गडहिंग्लजकडचा. त्यानं दस्ता खांद्याला लावला तर मान मागं गेली आणि पुढचा हात जेमतेम पोचला. गोळ्या कुठच्या कुठं. त्याचा अधिकारी सगळ्यांदेखत त्याला बोलला, इतकी वर्षं झाली तरी रायफल धरता येत नाही म्हणून. तो मान खाली घालून उभा राहिला.

पाणी प्यायला सावलीत आला तेव्हा मी मराठीत विचारलं, "काय झालं रे बाबा?"

"काय न्हाई, बाई. बंदूक लई चांगली हाय. माझं हातच आखूड हाईत."

नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण नाचणाऱ्याला हिणवतो. इथं अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते सारवलं होतं मी. खांद्यावर जाकिटाची जाडी चढली की दस्ता तेवढा पुढं सरकणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल. आणि मी शहाणी सगळ्यांची जाकिटं उतरवून मोजत बसले होते.

पुढच्या सोमवारी आराखडा कायम व्हायचा होता. त्यावर सह्यांच्या तीन चौकटी असतात: काढणाऱ्याची, तपासणाऱ्याची, मंजुरी देणाऱ्याची. मधली माझी. ती झाली की आराखडा कारखान्याकडं जाणार आणि मग तो दस्ता वर्षानुवर्षं तसाच जवानांच्या खांद्यावर राहणार. आमचे साहेब महिनाअखेर निवृत्त व्हायचे होते. म्हैसूरकडचे, शांत स्वभावाचे. हे काम मला त्यांनीच शिकवलेलं. ही रायफल मंजूर करून घरी जायचं, एवढी एकच त्यांची इच्छा, आणि ती साऱ्या संस्थेला ठाऊक.

मी सही केली नाही.

"स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि, अम्मा," साहेब म्हणाले, म्हणजे जरा जुळवून घे. बुटक्यांची सोय पुढच्या आवृत्तीत करू, एका जवानावरून काही ठरत नाही. त्यांचं खोटं नव्हतं. एका माणसावरून आकडा बदलायचा नसतो, हे नव्या इंजिनियरांना मीच घोकून घेते. मी एक आठवडा मागितला, त्यांनी कपाळाला आठ्या घालून दिला.

खरं जाकीट मिळवायचं तर भांडाराशी पत्रव्यवहार, त्यात महिना जाणार. म्हटलं, चुलीत घाला ते भांडार. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून मेट्रोनं चिकपेटला गेले, गादीत घालतात तसला कडक फोम घेतला आणि शिवाजीनगरात बॅगा शिवणाऱ्या एका चाचांकडून त्याची बंडी शिवून घेतली. चाचांनी विचारलं, कुणाच्या मापाची? मी म्हटलं, सगळ्यांच्या.

मग तेच पहारेकरी, तेच ड्रायव्हर, तेच जवान पुन्हा बोलावले. अंगात बंडी, हातात रायफलीचा लाकडी नमुना. बुटके सगळे अडले, मध्यम उंचीचेही बरेच अडले. शेवटी साहेब स्वतः बंडी घालून, नमुना खांद्याला लावून उभे राहिले आणि म्हणाले, "मला तर बरोबर बसते."

"साहेब, तुम्ही सहा फूट," मी म्हटलं. "लढायला सगळे तुमच्यासारखे यायचे नाहीत. अ‍ॅडजस्ट व्हायचं ते बंदुकीनं. माणसाचे हात काही वाढत नाहीत."

त्यांनी बंडी उतरवून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "लिहून दे. पण चूक कुणाची तेही लिहावं लागेल."

त्या वर्षी माझी बढतीची मुलाखत होती. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतेस, नवरा म्हणाला. घेते, म्हटलं. आणि लिहिलं: मापं जाकीट उतरवून घेतली, तो निर्णय माझा, चूक माझी. साहेबांनी त्या कागदावर सही करून तो वर पाठवला. रायफल मंजूर न होताच ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी सगळ्यांशी हात मिळवले, मला मात्र लांबूनच नमस्कार केला. त्याचं मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. बढती गेलीच. पण पुन्हा तीच वेळ आली तर मी तेच करीन.

नवा दस्ता व्हायला बरेच महिने गेले. तो आता खाचांवर पुढंमागं सरकतो, ज्याला जेवढा हवा तेवढा. दुसऱ्या चाचणीला गडहिंग्लजचा तोच जवान हवा म्हणून मी पत्रांवर पत्रं लिहिली, लोक कंटाळले तरी सोडलं नाही. तो आला. जाकीट घातलं, दस्ता दोन खाचा आत घेतला, गाल टेकवला. गोळ्या सगळ्या मधल्या वर्तुळात गेल्या. अधिकाऱ्यानं त्याची पाठ थोपटली.

तो रायफल घेऊन सरळ माझ्याकडं आला. मला वाटलं, आभारबिभार मानतोय की काय. त्यानं पट्टा माझ्यापुढं धरला, कपाळाला आठ्या.

"बाई, ह्यो पट्टा कुणी केलाय? मानंला कापतोय नुसता."

मी वही उघडली. "मीच केलाय. आणखी काय काय खोट हाय, सांग."