विचारायचं नाही, असं ठरलं होतं

मी मुळातच भित्री. लहानपणी खर्डीला घरामागे भाताची उडवी रचलेली असायची. संध्याकाळी तिच्या सावलीला घाबरून मी अंगणातून धावतच घरात शिरायचे. लग्न होऊन आसनगावला आले, पोरं मोठी झाली, शिवणकामात डोळ्यांना चष्मा लागला, पण भीती काही गेली नाही. नवरा म्हणतो, भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण हिच्या पाठी तो बायकोपोरं घेऊन फिरतो. त्याला हसू येतं. त्याला काय जातंय, तो सकाळी कल्याणला जातो तो रात्री परत येतो.

अशा बाईने रविवारी रस्त्यावर बसून प्रार्थना करावी, हे मलाच नवल वाटतं. आमची ख्रिस्ती मंडळी लहान आहे. शहापुरात एका गाळ्यात उपासना होते, आणि ती संपली की आम्ही आठ-दहा जण खिचडीचं पातेलं आणि सुकटीची चटणी घेऊन आसनगाव स्टेशनाबाहेर येतो. रिक्षा स्टँडच्या मागे, भिंतीला लागून पोती अंथरतो. स्टेशनावर, पुलाखाली, हायवेच्या कडेला झोपणारी माणसं तिथे येतात. पाळकांनी पहिल्या दिवशीच दोन नियम घालून दिले होते. एक, आपण जेवण वाटायचं नाही, सगळ्यांबरोबर जेवायला बसायचं. दुसरा, कुणाला काही विचारायचं नाही. ते म्हणायचे, या माणसांना दिवसभर जो तो विचारतो, कुठून आलास, का आलास, कधी हलणार. इथे तरी त्यांनी सुखाने घास खावा.

मला दुसरा नियम फार आवडला. खरं सांगायचं तर मला विचारायचीही भीतीच वाटायची. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं.

त्या माणसांत एक मावशी होती. उंच, हाडापेराने मजबूत, वय साठीच्या आसपास. बोलत नसे. ऐकू यायचं, पण तोंडातून शब्द नाही. अंगावर दोन साड्या एकावर एक, आणि डोक्यावर कमरेपर्यंत आलेली एक जट. जटेत उवा झाल्या होत्या, मानेवर जखम चिघळली होती. एका रविवारी पाळकांच्या बायकोने मला सांगितलं, तुझी कात्री आण. आमच्या गावात जट म्हणजे देवीची, तिला लोखंड लावायचं नाही, हे ऐकत मी मोठी झाले. आम्ही ते मानत नाही, पण न मानल्याने भीती जाते थोडीच. शेवटी मीच कापली. मावशी शांत बसून होती. फक्त तिने माझ्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं.

त्या दिवसापासून ती माझ्याच शेजारी बसू लागली. प्रार्थनेला सगळे डोळे मिटायचे, ती मिटत नसे. ती माझ्या पदराचं टोक धरायची आणि रस्त्याकडे बघत राहायची. मीही आधी एक डोळा किलकिला ठेवायचे, कोण बघतंय, कोण काय म्हणतंय म्हणून. पदर तिच्या मुठीत आला आणि माझे दोन्ही डोळे मिटायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा मी घराबाहेर निर्धास्त बसले असेन.

ते फार दिवस टिकलं नाही. मोबाइलवर काय काय यायला लागलं. कुठे प्रार्थना उधळली, कुठे खुर्च्या मोडल्या, कुठे माणसं बाटवतात म्हणून पाळकाला चौकीवर नेलं. खरं किती, खोटं किती, देव जाणे. पण रविवारी पोती अंथरताना आमची नजर रस्त्यावर जायला लागली. गाणी आम्ही हळू आवाजात म्हणू लागलो.

आणि मग तो दिसला. रस्त्यापलीकडे मोटारसायकल उभी करून, हेल्मेट न काढता आमच्याकडे बघत बसलेला. पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या रविवारी त्याने मोबाइल वर धरून फोटो काढले. प्रार्थना संपली आणि तो रस्ता ओलांडून सरळ आमच्याकडे आला. मी कडेला बसले होते, म्हणून माझ्यासमोरच उभा राहिला. हेल्मेटच्या काचेमागे त्याचा चेहरा दिसत नव्हता. त्याने मावशीकडे बोट केलं.

"हिची जट कोनी कापली?"

माझी पाचावर धारण बसली. मला वाटलं, संपलं. जट कापली म्हणजे आम्ही तिला बाटवली, देवीचा अपमान केला, आता हा चार माणसं बोलावणार. कात्री तर माझ्याच पिशवीत होती.

"आम्हाला माहीत नाही," मी म्हणाले. "आम्ही ओळखत नाही हिला. आजच आली."

मावशीच्या मुठीत तेव्हाही माझा पदर होता. त्याने त्या मुठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि निघून गेला. आमच्या पाठीमागच्या भिंतीवर रिक्षावाल्यांपैकी कुणाचा तरी कोंबडा बसलेला असायचा. येशूच्या शिष्याने भीतीपोटी त्याला ओळखत नाही म्हटलं तेव्हा कोंबडा आरवला होता. हा आरवला नाही, एवढंच.

त्या आठवड्यात मंडळीची बैठक झाली. सगळ्यांनीच हाय खाल्ली होती. आटगावला आमच्यातल्या एकाच्या मेहुण्याची बंद पडलेली भाताची गिरणी आहे. तिला चारी बाजूंनी भिंत आहे, बाहेरून काही दिसत नाही. जेवण तिथे हलवायचं ठरलं. रस्त्यावरच्या माणसांना टेम्पोतून न्यायचं, टेम्पोतून आणायचं. स्टेशनावरच झोपणारा, पायाने अधू असलेला एक म्हातारा आमच्यात नेहमी यायचा, गाण्याला पहिला आवाज त्याचा. तो म्हणाला, हेल्मेटवाला रविवार नसतानाही येतो, स्टेशनावर मावशीला शोधत फिरतो. हे ऐकल्यावर पाळक म्हणाले, मग तिला काही दिवस कुणाच्या तरी घरी ठेवू. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण ती दुसऱ्या कुणाबरोबर जायची नाही. मला नको म्हणायचं होतं. पण चारचौघांत नको म्हणायचीही मला भीतीच वाटते.

अशी मावशी माझ्या घरी आली. मागच्या पडवीत तिला अंथरूण घालून दिलं. मी मशीनवर बसले की ती खाली बसायची आणि पदराचं टोक धरायची. रस्त्यावरून मोटारसायकल गेली की माझा पाय मशीनवरून उचलला जायचा. शिवण वाकडी जायला लागली. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला मी दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या. नवऱ्याला म्हटलं, तू सुट्टी घे. तो म्हणाला, आणि काय करू, दारात भालदार होऊन उभा राहू का? रागच आला मला. पण त्याच रात्री त्याने दाराला नवी कडी बसवली, म्हणजे तोही घाबरला होता.

भरदुपारची वेळ होती. भात झाला होता, आमटीला उकळी फुटली होती. गल्लीत मोटारसायकल थांबली. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं, तेच हेल्मेट. रिक्षा स्टँडवर त्याने विचारलं असणार, त्या म्हातारीने जिचा पदर धरला होता ती कोण. आसनगावात मला ब्लाउज शिवणारी म्हणून कोण ओळखत नाही. मी मावशीला ओढत मोरीत नेलं, मोरीला बाहेरून कडी लावली, आणि पुढच्या बंद दाराला पाठ लावून उभी राहिले. दार वाजलं. मी डोळे मिटून प्रार्थना करायचा प्रयत्न केला, पण एक शब्द सुचेना. येशू, येशू, एवढंच म्हणत राहिले.

दार पुन्हा वाजलं. मग बाहेरून आवाज आला, हळू, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये असा.

"ताई, ती माजी आई हाय. मला फक्त बघू द्या."

मी दाराची कडी काढली नाही. खोटं बोलत असेल, असं वाटलं. त्याने दाराखालच्या फटीतून एक फोटो आत सरकवला. लग्नातला फोटो होता. हळद लागलेला एक तरुण, आणि त्याच्या शेजारी उंच, हाडापेराने मजबूत बाई. तिच्या डोक्यावर तेव्हा जट नुकतीच धरली होती, पदराखालून दिसत होती.

मी दार उघडलं. त्याने हेल्मेट काढून हातात धरलं होतं. चेहरा रापलेला, डोळे लाल झालेले. आणि माझ्यासारखाच तो वळून वळून गल्लीकडे बघत होता.

तो मुरबाडकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरचा. बाप गेल्यावर आईचं बोलणं गेलं, मग एक दिवस तीच गेली. तीन-चार वर्षं तो शोधत होता. कुणीतरी सांगितलं, आसनगावला जट असलेली एक मुकी बाई बघितली. तो आला तर उंची तीच, पण चेहरा बदललेला, डोक्यावर जट नाही, म्हणून त्याची खात्री होईना, आणि जटेचं विचारलं तर मी तिला ओळखतच नाही म्हणाले. फोटो काढून नेऊन चुलत्यांना दाखवले. ते म्हणाले, तीच असेल, पण जपून, ती बाटवणारी माणसं आहेत, विचारायला गेलास तर रातोरात तिला कुठे तरी पाठवून देतील.

"म्हणून आई हाय असं बोललो नाय मी," तो म्हणाला. "तुमी तिला लपवाल, असं वाटलं."

ती मोरीतच होती.

मोरीची कडी काढली तर मावशी कोपऱ्यात बादलीला टेकून बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि उठून माझा पदर धरला, दोन्ही हातांनी. तो "आये" म्हणाला. ती माझ्या मागे सरकली. तो पुढे आला नाही. तिथेच उंबऱ्यावर खाली बसला आणि तोंड फिरवून रडायला लागला. मला वाटलं, आता ही जायचीच नाही, आणि खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं.

काय करावं सुचेना तेव्हा मी जेवायला वाढलं. तीन ताटं वाढली, त्यालाही बसवलं. सवयीने डोळे मिटले. पदराला तिच्या मुठीचा ताण जाणवत होता. मी अन्नासाठी आभार मानले, मावशीसाठी काही मागावं म्हटलं तर काय मागायचं तेच कळेना. ती राहावी की जावी? आमेन म्हटलं आणि डोळे उघडले, तेव्हा पदर माझ्या मांडीवर मोकळा पडला होता. मावशीने आपल्या ताटातला भात आमटीत कालवला होता, आणि त्याचा एक घास ती त्याच्या ताटाच्या कडेला ठेवत होती, लहान पोराला ठेवतात तसा. तो घास त्याने बराच वेळ उचललाच नाही. मग खाल्ला.

संध्याकाळी तो जीप घेऊन आला. निघताना चाचरत म्हणाला, ताई, ती कुठे होती ते मी गावात सांगणार नाही. लोक नाही नाही ते बोलतील, तिला विहिरीवर येऊ देणार नाहीत. तुम्हीही येऊ नका. मी बरं म्हणाले. त्याची भीती मला कळत होती. माझ्याइतकी ती कुणाला कळणार? जीपमध्ये बसेपर्यंत मावशीने मागे वळून पाहिलं नाही. मुरबाडला जाणारी गाडी दिसली की अजूनही मी आत डोकावून बघते. तिला नीट सांभाळतात ना, जटेवरून तिला कुणी टाकून बोलत नाही ना, हे मला कधीच कळणार नाही.

मंडळीत मी सगळं सांगितलं. कुणी कुणाला बोल लावला नाही. पाळक खाली मान घालून बसले होते. ते म्हणाले, महिनोन्महिने ती आपल्या पंक्तीला होती, आणि तिचं कुणी तिला शोधत असेल हे आपल्या मनातसुद्धा आलं नाही. पुढच्या रविवारी आम्ही गिरणी सोडून पुन्हा स्टेशनाबाहेर पोती अंथरली.

प्रार्थना सुरू झाली आणि मी डोळे मिटले. पदर नुसता लोंबत होता. कुणीतरी मागे उभं आहे, आता खांद्यावर हात पडणार, असं वाटलं. मी डोळे उघडले. समोर पायाने अधू म्हातारा बसला होता, त्याचेही डोळे उघडे होते. तो माझ्या पदराकडेच बघत होता.

जेवताना मी त्याच्याजवळ जाऊन बसले. हेल्मेटवाला समोर आला तेव्हाही मी इतकी घाबरले नसेन.

"बाबा," मी विचारलं, "घरी कोण आहे तुमच्या?"

त्याने हातातला घास परत ताटात ठेवला.

"हायत की," तो म्हणाला. "मला वाटलं, तुमाला ऐकायचं नसंल."

मग तो बोलायला लागला. त्याच्या बोलण्यात एका मुलीचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं. आमच्या दोघांच्या ताटातली खिचडी गार झाली, तरी तो बोलत होता.