तिसरी हाक

त्या प्रकरणाला कितीतरी वर्षं लोटली, पण दिवेलागणीला दाराबाहेरून कुणी माझं नाव घेतलं की मी अजून पहिल्या हाकेला ओ देत नाही. घरातली मंडळी हसतात. "एवढे फौजदार होतात, आणि साध्या हाकेला भिता?" हसू देत. ज्याच्या अंगावर काटा उभा राहिला, त्यालाच ते ठाऊक.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं आणि मीही नोकरीत नवाच होतो. नगरकडचा माणूस, बदली झाली ती थेट खामगाव भागात. तिथल्या कोर्टात पुकारा करणारा एक शिपाई होता. काय आवाज होता महाराजा! बाहेर कापसाच्या गाड्यांचा गलका असो की सरकी काढायच्या जिनाचा भोंगा, "अमुक वल्द तमुक, हाजीर हो!" अशी पुकार झाली की कडुनिंबाखाली झोपलेला पक्षकार धोतर सावरत धावत यायचा. नाव तो तीनदा पुकारायचा, कधी कमी नाही. तिसऱ्या पुकारेपर्यंत माणसाला संधी द्यायची, असा त्याचा शिरस्ता होता.

या शिपायाच्या धाकट्या भावाने विहिरीच्या पाण्यावरून एकाचा हात कुऱ्हाडीने निकामी केला. सोबतचा साथीदार फरार झाला, भाऊ सापडला. खटल्यात आरोपी म्हणून सख्ख्या भावाचं नाव पुकारण्याची वेळ याच्यावरच आली. त्याने पुकारलं, तीनदा. भाऊ सक्तमजुरीवर अकोल्याच्या जेलात गेला, आणि आवारात कुजबुज सुरू झाली की आता याची नोकरी जाणार. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी त्याला बोलावून विचारलं, "भावाच्या घराशी काही संबंध ठेवतोस?" तो म्हणाला, "नाही साहेब." नोकरी राहिली. पण त्या दिवसापासून तो भिंतीच्या कडेकडेने चालू लागला.

पुढे फरार साथीदार आमच्या हाती लागला आणि त्याचा खटला उभा राहिला. साक्षीदार तेच जुने. मुख्य साक्ष एका भाजी विकणाऱ्या विधवा म्हातारीची. विहिरीला लागूनच तिचा वांग्या-मिरच्यांचा तुकडा होता आणि कुऱ्हाड तिने डोळ्यांनी पाहिली होती.

एक दिवस आमचा हवालदार समन्स तसंच परत घेऊन आला. पक्का वऱ्हाडी गडी, कशाला न भिणारा. पण त्या दिवशी चेहरा उतरला होता.

"साहेब, साक्षीदार कोर्टात याले तयार नाहीत. तारखेच्या आदल्या दिवशी सांजच्याले त्यायले पुकारा होऊन राह्यला."

"कसला पुकारा?"

"कोर्टातला, साहेब. नाल्याच्या अंगानं आवाज येते. 'अमकी बेवा अमका, हाजीर हो!' दोनदा येते अन् बंद. तिसऱ्यांदा नाही."

मी हसलो. तो हसला नाही. त्या मुलखात लहान लेकरालाही माहीत असतं, की सांजेनंतर बाहेरून हाक आली तर तीनदा ऐकल्याशिवाय ओ देऊ नये. जिवंत माणूस तिसऱ्यांदा हाक मारतो. जे जिवंत नाही, त्याला दोनच हाका मारता येतात. ज्याने ओ दिली, त्याचं काही खरं नाही. आणि म्हातारीने पहिल्याच हाकेला "ओ" म्हटलं होतं. शेजारीण असेल असं तिला वाटलं. तेव्हापासून ती तापाने अंथरुणाला खिळली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीनंतर खबर आली. आणणारा होता कोर्टाच्या आवारातला चहावाला. पडवीत कुणी नाही असं पाहून माझ्या कानाशी लागला. "साहेब, भावाचा बदला घेऊन राह्यला तो शिपाई. दर तारखेच्या आदल्या सांजेले सायकलीनं म्हातारीच्याच गावात जाते. विचारा गावाले."

गावात विचारलं. खरंच, लोकांनी त्याला पाहिलं होतं.

शिपायाला ठाण्यात आणलं. समोर बसवला तर तो खुर्चीच्या कडेवरच टेकला. मी दरडावलं. "त्या गावात कशाला जातोस?" त्याने दाराकडे पाहिलं. "म्हातारी मेली तर कुठलं कलम लागेल, माहीत आहे?" पुन्हा दाराकडे. माणसं पाहून मला एक कळलं होतं: खोटं बोलणारा तुमच्या तोंडाकडे पाहतो, विश्वास बसला का ते तपासायला. हा सारखा दाराकडे पाहत होता, बाहेर कुणी ऐकतंय का म्हणून. मी दार लावलं आणि त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. तेव्हा कुठे तोंड उघडलं.

"भावाची बायको हाये तिथं, साहेब. तीन पोट्टे हायेत. ज्वारीचं पीठ घेऊन जातो. साहेबायले मी संबंध नाही म्हणून सांगतलं. हे बाहेर गेलं तर माही नोकरी जाईन. मंग माह्याही लेकरायनं काय खावं अन् त्याच्याही?"

"मग तारखेच्या आदल्याच दिवशी का?"

"तारखीले खटला लागला का तिले लोकं बोलतात साहेब, घरात चूल पेटत नाही. म्हणून जातो."

मी त्याला जाऊ दिलं. म्हातारीला तापातून जरा बरं वाटलं की पुढची तारीख लागणार होती. त्या तारखेच्या आदल्या दिवशी दुपारीच शिपायाला गुपचूप ठाण्यातल्या आतल्या खोलीत बसवलं, स्टेशन डायरीत नोंद केली आणि मी न् हवालदार साध्या कपड्यांत नाल्याकाठच्या तुरीत जाऊन बसलो.

सूर्य बुडाला. गुरं घरी गेली. वारा पडला, आणि तुरीच्या शेंगा वाजायच्या त्याही थांबल्या. मग पलीकडच्या काठावरून आवाज आला. म्हातारीचं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, आणि "हाजीर हो!" हुबेहूब तोच आवाज! तो माणूस तर मी स्वतः खोलीत बसवून आलो होतो. माझ्या पाठीवरून गार पाणी ओतल्यासारखं झालं. हवालदाराने माझं मनगट करकचून धरलं. "साहेब, ओ देऊ नका बरं, तुमच्या पाया पडतो." माझा हात कमरेच्या पिस्तुलावर गेला.

दुसरी हाक आली. मग शांतता. आणि त्या शांततेत कुणीतरी खाकरून थुंकलं.

भूत थुंकत नाही! आम्ही दोघांनी नाल्यात उड्या टाकल्या. पळत होता त्याचं धोतर हवालदाराच्या हाती आलं, आणि बॅटरीच्या उजेडात दिसला आमचा चहावाला. फरार होऊन सापडलेला आरोपी त्याचा सख्खा मेव्हणा. वर्षानुवर्षं टपरीवर वकिलांना हसवायला हा गडी शिपायाची नक्कल करायचा, आणि सगळे दाद द्यायचे. मीही दिली होती.

सकाळी मी मॅजिस्ट्रेटसाहेबांना सगळं सांगितलं, पिठाचंही. लपवून चाललं नसतं. "पिठाबद्दल मी त्याला काढणार नाही," ते म्हणाले. "पण पुकारा हेच त्याचं काम आहे. साक्षीदार त्याच्या आवाजाला भिऊन आत येत नसतील, तर मला दुसरा माणूस लावावा लागेल. आज बघू."

शिपाई पडवीत उभा राहिला. म्हातारी कडुनिंबाखाली शेजारणीला बिलगून बसली होती. चहावाला सापडला हे तिला सांगितलं होतं, पण भीती अशी सांगून जाते होय?

पहिली पुकार झाली. आवाज चिरका निघाला. म्हातारीने पदराचा बोळा तोंडात धरला. दुसरी पुकार झाली. तिने मान हलवली, नाही, नाही. शिपायाने भिंतीचा आधार घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. गुन्हेगार कसा धरायचा हे आम्हाला शिकवतात. एकाला झालेली शिक्षा घरातले बाकीचे किती वर्षं भोगतात, ते त्या नजरेने मला शिकवलं.

मग त्याने छाती भरून तिसऱ्यांदा पुकारलं.

म्हातारी उठली. "ओ!" ती म्हणाली. "आली रे बापा, आली. तिसरी हाक देल्ली, जिताच माणूस हाये हा."

पडवीची पायरी उंच होती. तिने हात पुढे केला, आणि शिपायाने तो धरून तिला वर घेतलं.