वेलीला विचारलं का?

इसक्किमुत्तू अण्णाच्ची छत्तीस वर्षं तमिळनाडूतल्या पापनाशमच्या डोंगरातून औषधी झाडपाला आणतात. चपला काढल्याशिवाय ते वेलीसमोर उभे राहत नाहीत. कलेक्टर कचेरीत मात्र चपला घालूनच जातात.

आमच्या लॅबमध्ये या पाल्याचे अर्क डेंग्यूच्या विषाणूवर तपासतात. माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी बशीत वाढवायच्या, त्यांत विषाणू सोडायचा. तो जिथे पेशी मारतो तिथे डाग पडतात. ते मोजायचे. अण्णाच्चींच्या गुळवेलीने ऐंशी डागांचे सहा केले. लॅबच्या प्रमुख मलरविळी मॅडमनी खात्रीसाठी मागच्या बागेतली गुळवेल घेतली. पुन्हा ऐंशी.

"तोडायची परवानगी घेतली होती?" अण्णाच्चींनी विचारलं.

"माळ्याला विचारलं होतं," मॅडम म्हणाल्या.

"वेलीला विचारलं का?"

"अण्णाच्ची, आणखी एकदा तुम्हीच आणा. या वेळी जमलं नाही तर डोंगरातला माल बंद. सगळं रोपवाटिकेतून घ्या, असं वरून पत्र आलंय."

जागा नोंदवायला मी सोबत गेले. अण्णाच्चींनी प्रत्येक वेलीला पिवळा दोरा बांधला, त्यात हळकुंड. हात जोडून काहीतरी पुटपुटले आणि दोऱ्यासकट वेल कापून पोत्यात टाकली.

"दोरा नाही सोडत?"

"दिलेला मान परत घेतात का, पोरी?"

मागच्या खेपेचं पोतं मीच दळलं होतं. त्यातले तपकिरी तुकडे मला मुळं वाटले होते; ती दोऱ्यांतली हळकुंडं होती. अर्क पिवळा निघाला, पण गुळवेलीचा तसाही पिवळसरच असतो. मी मॅडमना सांगून टाकलं. त्यांनी नुसती हळद तपासली. पाच डाग.

"दोरे सोडावे लागतील, अण्णाच्ची."

"सोडले तर वेल काम करणार नाही."

"तेच बघायचंय."

अण्णाच्ची व्हरांड्यात बसले. प्रत्येक तुकड्याची माफी मागत त्यांनी तेवीस दोरे सोडले. एकही राहिला नाही. मी दोनदा मोजले.

एकोणऐंशी डाग पडले.

"सांगितलं होतं," अण्णाच्ची म्हणाले आणि रिकाम्या पोत्याची घडी घालू लागले.

मॅडमनी वरच्या पत्राला उत्तर लिहिलं: रोपवाटिकेच्या मालात काय मिसळलंय ते कोणी सांगत नाही. हा माणूस विचारलं की सांगतो, आणि पोटावर पाय येणार असला तरी दोरे सोडतो. डोंगरातला माल चालू राहिला. गुळवेल मात्र यादीतून गेली.

आता अण्णाच्ची दोरा बांधतात, परवानगी घेतात आणि कापण्याआधी तो सोडताना वेलीला सांगतात, "नियम मॅडमचा आहे, माझा नाही."