विजू दोनदा विचारायची

"नंदाताई, विजू गेली," एवढंच तिचे यजमान प्रमोदराव फोनवर बोलले आणि मग नुसता त्यांच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत राहिला... त्याला आता काही आठवडे झाले.

विजू आणि मी रायपूरच्या एकाच कॉलेजात शिकवायचो, ती मानसशास्त्र आणि मी गणित. दोघीही तात्पुरत्या नेमणुकीवर. शहर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालेलं, रोज नव्या पाट्या लागत होत्या आणि कायमच्या जागा निघणार अशी कुणकुण होती. त्यासाठी विजूची पीएचडी वेळेत होणं भाग होतं. बाईसाहेबांनी विषय घेतला तो असा! 'मी कोण, माझी माणसं कोणती' हे विचारणारी एक परदेशी प्रश्नावली मराठीत आणायची आणि ती इथल्या मराठी पोरांना लागू पडते का ते पाहायचं. तेच प्रश्न त्याच मुलांना काही दिवसांनी पुन्हा विचारायचे. उत्तरं जुळली तर प्रश्नावली पास.

पहिली फेरी तिने बुढापारा भागातल्या मराठी मंडळात घेतली, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. एरवी एवढी मराठी मुलं एका छताखाली सापडणार कुठे? मागे सतरंजीवर त्यांच्या आया तिळगूळ वाटत बसल्या होत्या. दुसरी फेरी कॉलेजात, त्याच मुलांच्या आपापल्या वर्गांत झाली. उत्तरं जुळवायचं काम माझ्याकडे होतं. दोन्ही फेऱ्यांचे कागद शेजारी शेजारी ठेवले. 'मराठी असल्याचा मला अभिमान वाटतो' याला मंडळात होकार देणाऱ्या कितीतरी मुलांनी वर्गात चक्क नकार दिला होता. विजूने एका मुलीला कारण विचारलं.

"मॅडम, वहां आई पीछे बैठी थी. और यहां सब मेरे दोस्त."

मार्गदर्शक सर शांतपणे म्हणाले, "न जुळणारे कागद काढून टाका. उरलेले पुरेत." कायमच्या जागांच्या मुलाखती तोंडावर आल्या होत्या. मीही तिला तेच सांगितलं.

"काहून काढू?" विजू कागदांवर हात ठेवून बसली. "पोट्टे खोटं नाही बोलले, नंदा. मीच त्यायले लोकांसमोर विचारलं."

"अन् नोकरी?"

उन्हाळाभर एकेकाला शंकर नगरच्या आपल्या घरी बोलावून, स्वयंपाकघरात बसवून, दार लोटून तिने तिसऱ्यांदा विचारलं. तोवर जागा भरल्या. मला मिळाली, तिला नाही. पेढे तिनेच हक्काने मागितले. पीएचडी उशिरा झाली आणि विजू शेवटपर्यंत तात्पुरतीच राहिली. तिच्या त्या हट्टाचा मला आजही राग येतो.

पण तेव्हापासून ती प्रत्येकाला दोनदा विचारू लागली. दारात "कशी आहेस?" आणि मग स्वयंपाकघरात, दार लोटून, "आता सांग." पहिलं उत्तर ती धरायचीच नाही. त्या ओट्यापाशी मी किती वेळा रडले आहे...

तिच्या आजारपणातल्या शेवटच्या भेटीत घर माणसांनी भरलं होतं. "मस्त आहे मी," विजू पलंगावरून हसून म्हणाली. सगळे उठल्यावर मी खोलीचं दार लोटलं. "आता सांग."

"भेव लागून राहिलं, नंदा. खूप भेव." मी तिचा हात धरून बसले. दुसरं काय करणार होते?

परवा पुन्हा त्या घरी गेले. दारात प्रमोदराव, मागे मुलगा आणि सून. "बरा आहे, ताई," ते म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले. मी मागोमाग गेले. स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"आता सांगा."

त्यांनी हातातलं पातेलं ओट्यावर ठेवलं, माझ्याकडे पाठ केली आणि नळ सोडला. तो त्यांनी बराच वेळ बंद केला नाही.