कुनाच्या कानानं ऐकलं?

बातमीत कुणाच्या तोंडचं वाक्य दिसलं की काका त्याच्या अवतरण चिन्हावर अंगठा ठेवायचे, चष्मा कपाळावर ढकलायचे आणि समोरच्याला विचारायचे, "ह्ये कुनाच्या कानानं ऐकलं?"

समोर बहुतेक वेळा मीच असायचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी मी नगरच्या एका छोट्या दैनिकात उपसंपादक म्हणून लागले, तेव्हा तालुक्यांचं पान ते बघत. काका हे काही त्यांचं नाव नव्हे. नाव मला ठाऊक आहे, पण इथे घालत नाही. त्यांच्या घरच्यांना विचारलेलं नाही, आणि न विचारता घातलं असतं तर काकांनी मला सोडलं नसतं.

तुमच्याही कचेरीत असा एक जण असेल. त्याच्यामुळे रोज सगळ्यांना उशीर होतो, आणि त्याच्यावाचून कुणाचं अडल्याशिवायही राहत नाही. काका मूळचे पाथर्डीकडचे. लिहायला बसले की व्याकरण चोख, तोंड उघडलं की थेट गाव. पांढरा बुशशर्ट, खिशात दोन बॉलपेनं, आणि टेबलावर फोन नंबरांची एक जाडजूड वही. गावोगावच्या बातमीदारांनी पाठवलेलं वाक्य खरं वाटलं नाही की ते ती वही उघडत आणि ज्याच्या नावावर ते वाक्य आहे त्यालाच फोन लावत. घरी फोन नसला तर गावातल्या एसटीडीवाल्याला सांगून माणूस बोलावून घेत.

एकदा कर्जतहून एका निवृत्त गुरुजींच्या सत्काराची बातमी आली. तिच्यात गुरुजी म्हणत होते, "हा सत्कार माझा नसून माझ्या विद्यार्थ्यांचा आहे." वाक्य इतकं नेहमीचं, की मी ते वाचलंसुद्धा नव्हतं. काकांनी फोन लावला. पलीकडून बसक्या आवाजात गुरुजी म्हणाले, "अहो, मी कुठं बोललो? माझा घसा बसलाय चार दिवस." दुसऱ्या दिवशी आमच्या अंकात छापून आलं की घसा बसल्यामुळे सत्कारमूर्ती बोलू शकले नाहीत. गुरुजींनी ते कात्रण फ्रेम करून लावलं म्हणतात. म्हणतात, कारण मी स्वतः पाहिलेलं नाही.

डबा खातानाही कुणाची यातून सुटका नव्हती. कुणी म्हणालं, "काका, जाहिरातवाले तुमच्याबद्दल काय बोलत होते माहितीये का," की त्यांचा घास हातातच थांबायचा. "तुमी तितं हुता का?" सांगणाऱ्याचा निम्मा उत्साह तिथेच मावळायचा. आमच्या कचेरीत चहाड्या फार चालत नसत त्याचं कारण आमचा चांगुलपणा नव्हता, काका होते.

मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, एवढं कोण बघतं? उद्या त्याच कागदात भजी बांधतात."

"ताई, मेलेला मानूस भांडायला येत न्हाई. जित्याला उद्या त्याच पारावर जाऊन बसायचं असतं." एवढं बोलून ते पुन्हा फोन फिरवायला लागले.

त्याच सुमारास आमच्या दैनिकाची इंटरनेट आवृत्ती निघाली. मालकांचा मुलगा पुण्याहून संगणकाचं शिकून आला होता. आम्ही त्याला धाकटे मालक म्हणायचो. कोपऱ्यात काचेची एक खोली करून त्यात त्याने संगणक बसवला. तो इंटरनेटला जोडला की कचेरीचा फोन बंद, आणि तालुक्याचे बातमीदार तिकडे एसटीडीच्या खोलीत उभे राहून आम्हाला शिव्या घालत. काकांनी एक दिवस काचेआड जाऊन आपलं पान त्या पडद्यावर पाहिलं.

"ह्ये रद्दीत कवा जातं?"

"जात नाही काका," धाकटे मालक कौतुकाने म्हणाले. "कायम राहतं. अमेरिकेतला माणूससुद्धा वाचू शकतो."

"मंग तर लईच जपून लिवलं पायजे," असं म्हणून काका आपल्या टेबलाशी आले.

आणि नेमकं ते नसताना मी घोळ घातला. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, आठवडाभर पान माझ्याकडे होतं. पाथर्डी तालुक्यातल्या एका गावाहून बातमीदाराचा फोन आला. गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, पोरं आईबापांबरोबर जातात आणि शाळा ओस पडते, अशी बातमी. तिच्यात सरपंचबाईंचं वाक्य होतं: "त्यांची नावं शाळेत ठेवून उपयोग काय? मोठी झाली की कोयताच धरणार ना?"

"असं म्हणाल्या? नक्की?" मी विचारलं.

"नक्की म्हंजी काय ताई, त्यांच्याच घरी बसून लिहून आणलंय."

मला वाक्य झणझणीत वाटलं. मी ते मथळ्यात घेतलं. संध्याकाळी ते इंटरनेटवरही चढलं.

काका डोळ्यावर हिरवी पट्टी लावून कामावर आले त्याच दिवशी सरपंचबाई कचेरीत आल्या. एकट्याच. चाळिशीच्या आतबाहेर, डोक्यावरून पदर, हातात बाजाराची पिशवी. त्यांनी पिशवीतून कात्रण काढून काकांपुढे ठेवलं.

"मी ह्ये बोल्ले न्हाई."

काकांनी खुर्ची दिली. बाई बसल्या नाहीत. "बाजारला जाते म्हनून निगाले, घरी सांगितल्यालं न्हाई. उसाला जानाऱ्या बाया माज्या दारात आल्या. म्हनल्या, तूबी आमच्यातलीच ना गं? मी बारा वर्सं कोयता धरलाय साहेब. लेकराला फडातच पाळना बांदला. अन् मी असं बोलंन? शुक्रवारी माज्यावर अविश्वासाचा ठराव हाय. सरपंचकी जाऊ द्या, पर त्या बायांच्यात मला तोंड दावायचंय."

त्या गेल्यावर काकांनी बातमीदाराला फोन लावला. एकच प्रश्न विचारला, "वाक्य लिहून घेतलं तवा बाई कुटं बसल्या हुत्या?"

पलीकडचं बोलणं मलाही ऐकू येत होतं. "आत होत्या, चुलीपाशी. मालक बोलले. काका, बाई सरपंच असल्या की त्यांचे मालकच बोलतात. सगळीकडं तसंच असतंय. नाव बाईंचं लावायचं."

काकांनी फोन ठेवला आणि उघड्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, कारण हे मलाही ठाऊक होतं. सरपंचपदं बायकांसाठी राखीव झाल्यापासून गावोगाव बायका सरपंच झाल्या होत्या, आणि त्यांच्या नावाने आम्ही छापत होतो ते बहुतेक त्यांच्या नवऱ्यांचं होतं. मी स्वतः बाई, तरी मला त्यात कधी काही खटकलं नव्हतं. हे लिहिताना आजही लाज वाटते.

काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. "तुमचं एकलीचं न्हाई," ते म्हणाले. "इतक्या वर्सांत मीबी कदी इचारलं न्हाई, बाई कुटं बसल्या हुत्या म्हून."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीने आणि पुढे जीपने त्या गावात गेलो. सरपंचबाईंचे मालक भला माणूस. पाणी आणवलं, चहा सांगितला, बाजेवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "लिवा. सरपंचबाईंचं म्हननं असं हाय की…" बाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या. कचेरीत धडाधडा बोललेली ती बाई इथे जमिनीकडे बघत होती.

काका एकदम डोळ्यावर हात धरून कण्हले. "मालक, लई चुरचुरतंय. येवढं औषद मिळंल का कुटं?" मालक तसेच उठले आणि मोटारसायकल काढून तिठ्यावरच्या मेडिकलकडे गेले. औषधाची बाटली काकांच्या खिशात होती. सकाळी एसटीत मीच त्यांच्या डोळ्यात थेंब घातले होते. मी त्यांना खोटं बोलताना पाहिलं ते एवढंच.

मग ते नुसते बसून राहिले. बाई बोलेनात, आणि काका घाई करेनात. बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या, "मी सातवीतून शाळा सोडली अन् उसाला गेले. गावातल्या पोरींनी जाऊ नये म्हून मी सरपंच झाले. पोरास्नी गावात ठिवायची सोय करा म्हून मी दोनदा अर्ज दिलाय."

काकांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं.

बाईंनी मान हलवली. "त्ये 'म्हून सरपंच झाले' काडा. सरपंच मला यांनी केलं. जागा बाईची निगाली म्हून. अर्जाचं मातर खरं हाय, त्ये ठिवा."

काकांनी ते वाक्य खोडलं. जीपमध्ये परतताना ते आपल्याशीच हसत होते. "ताई, आपन वाक्य चांगलं करतो, अन् ही बाई चांगलं वाक्य काडाया लावती."

गुरुवारी खुलासा छापला. त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच रुंदीचा. त्यात काकांनी लिहिलं होतं की ते वाक्य सरपंचबाईंचे नाही. बातमीदार घरी आला तेव्हा त्या स्वयंपाकघरात होत्या आणि त्यांना काहीही विचारले गेले नाही. चूक आमची आहे. खाली बाईंनी ठेवायला सांगितलेलं अर्जाचं वाक्यही होतं. शुक्रवारी ग्रामपंचायतीत तो अंक मोठ्याने वाचला गेला आणि ठराव बारगळला. हे आम्हाला तिघांनी वेगवेगळं सांगितलं तेव्हा कुठे काकांनी मान्य केलं.

इंटरनेटवर मात्र जुनी बातमी तशीच होती. काका काचेच्या खोलीत गेले.

"काढून टाकतो," धाकटे मालक म्हणाले. "खुलासा कशाला? जगभर आपलं हसं."

"काडून कसं चालंल? ज्यांनी वाचलं त्यांना बाई बोलल्या न्हाईत ह्ये कसं कळायचं? बातमी ऱ्हाऊ द्या, खाली खुलासा लावा."

"बघू."

महिन्याभराने धाकट्या मालकांनीच काकांना बोलावलं, जरा विजयी चेहऱ्याने. पुण्याच्या एका संस्थेने ऊसतोड कामगारांच्या मुलांवर इंटरनेटवर लेख लिहिला होता, आणि त्यात सरपंचबाईंचं ते वाक्य होतं. "बघा, पुण्याचे लोकही तेच म्हणतायत. म्हणजे काहीतरी बोलल्याच असतील ना?"

काकांनी लेखाचा तळ गाठला. तिथे आमच्याच दैनिकाचं नाव होतं. "त्यांनी आपलं वाचून लिवलं," ते हळू म्हणाले, "आन् आपन त्यांचं वाचून खरं म्हनायचं?" त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाही ऐकला नाही. पण त्या दिवसापासून रोज चार वाजता ते काचेच्या दारात उभे राहायचे. "लावता का?" "उद्या काका." पुण्याच्या संस्थेला त्यांनी कात्रणासह रजिस्टर पत्र पाठवलं. इंटरनेटवरच्या लेखाला रजिस्टर पत्र, म्हणून आम्ही सगळे हसलो. मीही हसले.

उत्तर आलं नाही. चार महिने चार वाजता ते उभे राहिले. मग एका सोमवारी आले नाहीत. रविवारी गावी गेले होते, तिथे छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपलं.

मोठं माणूस गेलं की शोकसंदेश कचेरीत आम्हीच लिहायचो. पुढारी, संचालक, प्राचार्य, सगळ्यांच्या नावाने एकेक ओळ, आणि नंतर कुणी तक्रार करत नसे. त्या दिवशी माझ्याच्याने एकही लिहवेना. धाकट्या मालकांना विचारलं, "तुमचं काय लिहू?" "माझं काही नको," एवढं म्हणून ते काचेच्या खोलीत गेले. तासभर कचेरीचा फोन लागत नव्हता. सकाळी पाहिलं तर जुन्या बातमीखाली खुलासा होता, शब्द न् शब्द काकांचा.

त्याची छापील प्रत घेऊन मी एकटीच त्या गावात गेले. मालकांनी बाज झटकून दिली, काका गेल्याचं ऐकून डोक्यावरची टोपी काढली. सरपंचबाई माझ्यासमोर जमिनीवर बसल्या आणि तो कागद मांडीवर घेऊन त्याच्यावरून हात फिरवत राहिल्या. मला रडू येत होतं, पण त्यांच्यापुढे रडायची माझी लायकी नव्हती.

मालक खाकरले. "लिवा ताई. सरपंचबाईंस्नी अत्यंत दुक्क झालं…"

"थांबा," बाई म्हणाल्या. "मी अजून काय बोल्ले न्हाई."

मी पेन उघडून बसले, आणि त्या बोलेपर्यंत कागदावर काही लिहिलं नाही.