फसलेली बरणी

कंडक्टर मुलगी मागायला त्या घरात शिरला, तेव्हा त्याला वाटलं, आत कोणीतरी शेवटचे श्वास मोजतंय. स्वयंपाकघरात मायलेकी भिंतीला पाठ लावून उभ्या. पंखा बंद. थेंबाचा आवाज नको म्हणून नळाच्या तोंडाला फडकं बांधलेलं. भिंतीवरच्या पालीनंसुद्धा शेपूट आवरून धरलं होतं. ओट्यावर मटणानं भरलेल्या काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या, आणि त्यांच्यापुढे एक दणकट म्हातारा डोळे मिटून, कान लावून उभा.

"नमस्कार!" कंडक्टर म्हणाला. त्याचा आवाज खच्चून भरलेल्या बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. त्या स्वयंपाकघरात तोफच डागल्यासारखं झालं.

"श्श!" म्हातारा असा फिस्कारला की कंडक्टरनं मनातल्या मनात लग्न मोडून टाकलं.

तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला. टक्क.

"बसली!" म्हाताऱ्यानं डोळे उघडले. नातू झाल्याची बातमी कळावी तसा चेहरा.

म्हाताऱ्याचा जन्म साबणाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात गेला होता. निवृत्त झाल्यावर वाफेवाचून करमेना, म्हणून त्यानं वाफेचा दाब दाखवणारा काटा असलेला हंड्याएवढा प्रेशर कुकर आणला आणि मटण बरण्यांत भरून टिकवायला लागला. बरणी गार होताना पत्र्याचं झाकण टक्क करून आत ओढलं गेलं, की बरणी बसली. ती थेट फळीवर जायची. नाही वाजली, तर फसली. ती त्याच दिवशी खाऊन संपवायची.

त्या दिवशी शेवटची बरणी काही केल्या बोलली नाही.

"पाहुण्यांचा पायगुण," म्हातारा म्हणाला. "वाढा त्यांनाच."

पाण्याचा थेंब न घालता स्वतःच्याच रसात शिजलेलं ते मटण! पहिल्या घासाला कंडक्टरला मुलगी जास्तच आवडली, दुसऱ्याला सासू, आणि तिसऱ्या घासाला तर म्हातारासुद्धा.

लग्न झालं. कंडक्टरनं दोन गल्ल्या सोडून बिऱ्हाड केलं आणि सुट्टीच्या दिवशी सासरी जेवायचा शिरस्ता पाडला. पण ताटात कोबी.

"मामा, फळीवर एवढं आहे की," एकदा त्यानं धीर केला.

"ते अडीअडचणीला."

"अडचण म्हणजे कसली?"

"सांगून आली तर तिला अडचण म्हणतात का?"

थोडक्यात, त्या घरात मटण मिळायचं ते फक्त फसलेल्या बरणीतलं. आणि दर खेपेला एक तरी बरणी कशी फसते, हे कोडं कंडक्टरला लवकरच सुटलं. म्हातारा बरण्यांचे काठ व्हिनेगरच्या फडक्यानं लख्ख पुसायचा आणि कुकरकडे वळायचा. तेवढ्यात सासूबाई बोटभर चरबी एका काठावर फिरवायच्या. तेलकट काठावर झाकण धरत नाही.

कंडक्टरनं हे पाहिलं. त्यानं पाहिलेलं सासूबाईंनी पाहिलं.

"जावईबापू," त्या पदर सावरत पुटपुटल्या, "तोंड बंद ठेवाल, तर तोंडात काही पडेल."

त्यानं तोंड बंद ठेवलं. पण माणसाचा हात शिवशिवतोच. पुढच्या खेपेला त्यानंही गुपचूप दोन काठांना बोट लावलं. बायकोही त्याच आईची लेक. तिनं आपल्या परीनं दोन उरकले. सासूबाईंचा एक ठरलेलाच. बरण्या त्या दिवशी होत्याच पाच.

म्हातारा कान लावून उभा राहिला. पंखा बंद, नळ बंद. बरण्या कोमट झाल्या, गार झाल्या. टक्क नाही की टुक्क नाही.

शेवटी तो स्टुलावर बसला आणि स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिला. "हात गेला माझा," तो म्हणाला. "अख्खा कारखाना झोपायचा या हाताच्या भरवशावर. उद्या भंगारवाल्याला बोलवा, कुकर देऊन टाकू."

समोर पाच बरण्या मटण. अशा वेळी घास घशाखाली उतरत नाही असं म्हणायची पद्धत आहे. कंडक्टरच्या उतरत होता, पण चव लागत नव्हती, आणि हे त्याच्या बाबतीत आजवर घडलं नव्हतं.

"खरं सांगून टाकू?" हात धुताना त्यानं सासूबाईंना विचारलं.

"सांगा की. त्यांचा हात परत येईल. पण घरची माणसं चोर निघाली, ते कुठं ठेवतील?" सासूबाईंनी डोळे पुसले आणि बाहेर जाऊन नवऱ्यावर कडाडल्या, "एका खेपेनं हात जातो होय? माझ्या भाकऱ्या तर रोजच करपतात, मी परात विकली का? येत्या सुट्टीला पुन्हा लावा कुकर!"

म्हाताऱ्यानं कुरकुरत लावला. तिघंही बाकावर हातांवर बसून राहिले, स्वतःच्याच. जरा वेळानं ओट्यावर टक्क झालं. मग टक्क, टक्क. शेवटच्या झाकणाला म्हाताऱ्यानं लेकीला मिठी मारली आणि जावयाला म्हणाला, "बघितलंत? एकसुद्धा फसली नाही!"

"बघितलं, मामा," कंडक्टर म्हणाला आणि कोबी वाढून घेतला.

त्यानंतर म्हातारा होता तोवर त्या घरात एकही बरणी फसली नाही. तो गेल्यावर फळी उतरवून त्यांनी बरण्या उघडल्या. मटण उत्तम टिकलं होतं. फसलेल्या बरणीतल्यापेक्षा मीठ जरा कमी लागलं.